कोरड्या विहिरींची क्वेरी

“माझा ऊस तुमच्या पेटीनं गिळला व्हय?”

साखर कारखान्याच्या संगणक-खोलीच्या दारात एक म्हातारी सभासद ओरडत होती. आवाज असा, की अणदूरच्या बाजारात बैलांनी माना वर केल्या असतील. दुष्काळाचं वर्ष. ज्याच्या विहिरीत पाणी कमी, त्याचा ऊस आधी तोडायचा, असा कारखान्याचा ठराव होता. म्हातारीची विहीर ठणठणीत कोरडी, आणि तोडणीच्या यादीत तिचं नावच नव्हतं. आणखी थोडं थांबलं तर उसाचं सरपण झालं असतं.

“मावशी, मशीन चुकत नाही,” मी म्हणालो. संगणक विभागात मी एकटाच, त्यामुळं विभागप्रमुखही मीच. मशीनसाठी खोलीत एवढा गारवा ठेवलेला, की संचालक मफलर बांधून यायचे. राजासारखी नोकरी.

“मग रानात ऊस कुणाचा उभा हाय? मशीनचा?”

नुकताच आम्ही जुना डेटाबेस सोडून नवा घेतला होता. दोघांना प्रश्न विचारायची भाषा एकच, असं विकणाऱ्यानं छाती ठोकून सांगितलेलं. मी जुन्या क्वेऱ्या, म्हणजे त्या भाषेत लिहून ठेवलेले प्रश्न, जशाच्या तशा नव्यात ओतल्या आणि गावभर फुशारकी मारली, की चहा निवायच्या आत अख्खा कारखाना हलवला.

म्हातारीची नोंद उघडली. विहिरीच्या पाण्याचा रकाना मोकळा. शेतोशेत फिरून नोंदी आणणाऱ्या कारकुनाला विचारलं, “इथं शून्य का नाही?”

“मालक म्होरं उभा, अन् त्याच्या विहिरीला शून्य लिव्हायचं? लई वाईट दिसतं, साहेब. मोकळं सोडतो आमी.”

माझ्या डोक्यात उजेड पडला, अख्ख्या मुरुम गावाला पुरेल इतका. जुना डेटाबेस मोकळ्या रकान्याला शून्य धरायचा. नवा म्हणायचा, ‘माहीत नाही’. आणि ‘पाच फुटांपेक्षा कमी पाणी कुणाचं?’ विचारलं, की माहीत नसलेल्यांना सरळ वगळायचा. क्वेरीत मी एवढंच वाढवलं: रकाना मोकळा असेल तर शून्य समज. प्रिंटर मळणीयंत्रासारखा खडखडला आणि कोरड्या विहिरींचे सगळे मालक वर आले. म्हातारी पहिल्याच पानावर.

तोडणीची टोळी तिच्या रानात उतरली, तेव्हा श्रेय घ्यायला मीही पोचलो. तिनं हातात उसाचं कांडं देऊन बांधावर बसवलं. मी सगळी हकिगत तिखटमीठ लावून सांगितली आणि खिशातला पेन काढला.

“मावशी, आता नोंदीत शून्य लिहून टाकू का? पुन्हा घोळ नको.”

“न्हाय. मोकळंच ऱ्हाऊ द्या. पाऊस यील की.”