पितळेची गाडी

अमरावतीच्या आमच्या जुन्या मोटारींच्या क्लबात मिस्त्री सभासद नव्हते. आमच्या गाड्या दुरुस्त करायला दर रविवारी ते अकोल्याहून एसटीनं यायचे. बॉनेट उघडण्याआधी त्यावर तळहात ठेवायचे, आजारी माणसाचा ताप पाहावा तसा. मग म्हणायचे, "ठंडी हाये. उठवा लागते."

क्लबातले आमचे डॉक्टर वारले, तरी त्यांच्या दोन सीटांच्या लाल स्पोर्ट्स गाडीसाठी मिस्त्री येतच राहिले. माझ्याकडून चावी घेऊन दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे आणि परत जायचे. मी एकदा विचारलं, "आता काहून येता?"

"बसून रायली का अकडते भाऊ, मानसावानी."

डॉक्टरांच्या स्मरणार्थ क्लबनं जिद्दीचा पुरस्कार ठेवला. यंदा तो मिस्त्रींना द्यायचं ठरलं आणि त्याच महिन्यात डॉक्टरांच्या मुलानं ती गाडी भंगारात दिली. कार्यक्रमाचा विरस नको म्हणून मी, क्लबचा सचिव, गप्प बसलो. दोन रविवार मिस्त्रींना फोन करून "येऊ नका" म्हटलं.

कार्यक्रमाला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. डॉक्टरांच्या मुलानंच त्यांच्या हातात पितळेची छोटी गाडी दिली. टाळ्या झाल्या. खाली येऊन ते माझ्या शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, दोन रविवार झाले, गाडी बसूनच हाये. चावी द्या, चालू करून येतो."

मला सांगावं लागलं.

त्यांनी मुलाकडे बघितलंही नाही. मांडीवरच्या पितळेच्या गाडीवर त्यांनी तळहात ठेवला.

"ठंडी हाये," म्हणाले. पुढचं वाक्य म्हणाले नाहीत.