जवाईबापूंचा पाट

आमच्या जवाईबापूंना जेवायला पाट मिळाला नाही आणि त्याला मीच जबाबदार आहे, असा लाखनीच्या आमच्या घराचा एकमुखी निकाल आहे. मला तो मान्य आहे. वाद घालायला अंगात जोर कुठे उरलाय?

झालं असं, की मी माझ्या मिनूसाठी चित्रांचं पुस्तक आणलं. (वय सात, तोंड सत्तरचं!) अमेरिकेतल्या एका काळ्या बाईची गोष्ट. बसमध्ये गोऱ्या माणसासाठी जागा सोड म्हणाले, ती उठली नाही. पोलीस धरून नेतील म्हणाले, तरी नाही. मग तिच्या लोकांनी बसवरच बहिष्कार घातला, पायी पायी चालले आणि शेवटी कायदा बदलला. लेकरांना न्याय-अन्याय लहानपणीच कळावा, असा माझा उदात्त हेतू. (माझे उदात्त हेतू नेहमी माझ्याच अंगावर येतात.)

मिनू रोज तेच पान काढायची. "आई, थे उठली काहून नाई?"

"जागा तिची पण होती ना, बाळा," मी कपड्यांच्या घड्या घालता घालता पेंगत सांगायची.

मग करडीहून नणंदबाई आणि जवाईबापू आले. आमच्याकडे रीत अशी, की पहिल्या पंगतीत पुरुष, मधोमध पाटावर जवाई. मग लेकरं. सगळ्यात शेवटी आम्ही बायका, गार वडे आणि तळाची कढी घेऊन. त्या दिवशी मी सकाळपासून वडे तळत होते. लग्न झाल्यापासून कढईतून निघालेला गरम वडा माझ्या तोंडात गेलेला नाही.

ताटं वाढली. बघते तर पाटावर मिनू!

"ऊठ वो बाई, फुफाजी बसतेत तिथं," सासूबाई म्हणाल्या.

"मी नाई उठत. हे जागा माही बी हाय."

"मिने!" सासरे गरजले. "उठते का नाई? जवाईबापू उभे हायेत ना!"

"मंग धरून न्या मले," असं म्हणून तिने दोन्ही हात जवाईबापूंपुढे केले. आणि जवाईबापू पोलिसात हवालदार!

बिचारे दोन पावलं मागे सरले. "मी सुट्टीवर हाओ ना, बेटा..."

तेवढ्यात नणंदेची दोन्ही पोरं मिनूला खेटून बसली. आम्हीबी जेवत नाई म्हणाली. बहिष्कार!

"हिले हे शिकवलं कोणं?" आमचे हे ओरडले. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी हातातल्या झाऱ्याकडे पाहिलं. त्याच्यावर ढकलता येण्यासारखं नव्हतं.

"आई बसन, मंगच मी उठन," मिनूने अट घातली. "आई कधीच गरम वडा नाई खात."

मला एकदम रडूच आलं. इतक्या वर्षांत घरात कोणाला दिसलं नव्हतं ते ह्या टिचभर पोरीला दिसलं होतं.

"बसा ना वहिनी, कायले मले उपाशी मारता!" जवाईबापू खाली सतरंजीवर बसलेसुद्धा. नणंदबाईंनी झारा माझ्या हातातून काढून घेतला. सासरे बराच वेळ खाकरले आणि म्हणाले, "बस मंग, सूनबाई."

मिनू उठली. मी पाटावर बसले! समोर वाफाळता वडा. मी तो तोडला, फुंकर मारली, तोंडाशी नेला.

"कढी..." सासरे कोणाकडेही न बघता पुटपुटले.

आणि मी ताडकन उठले! त्यांना वाढली, जवाईबापूंना वाढली, आता उठलेच आहे म्हणून सगळ्या पंगतीला वाढली. परत येऊन बघते तर पाटावर मिनू, हातात माझा वडा.

"आई," ती म्हणाली, "थे बाई पोलिसाले भेली नाई. तू तं कढीलेच भेली!"

उरलेला अर्धा वडा तिने मला दिला. गार झाला होता. मी तो उभ्यानेच खाल्ला.