राखणदाराचा पेला

ती केस आठवली की आजही कपाळावर हात मारावासा वाटतो. समोर अट्टल गुन्हेगार असता तर परवडलं असतं. इथे सगळी भली माणसं होती, आणि त्या भल्या माणसांनीच आमचा जीव काढला.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. जोगेश्वरीच्या भागातल्या एका ठाण्यात मी महिला शिपाई होते. एका दुपारी देवळाच्या कोपऱ्यावर हार विकणाऱ्या म्हातारीला टेम्पोने उडवलं आणि तो न थांबता निघून गेला. तिच्या मांडीचं हाड मोडलं. रुग्णालयात ती मला सांगत होती, मी फुटपाथवर टोपलीजवळ उभी होते. पण तिची सूनच म्हणत होती, हिला नीट दिसत नाही, हीच रस्त्यात गेली असणार. भरपाई मिळणं दूरच, म्हातारीच्याच माथी दोष येत होता.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्याअलीकडचा इस्त्रीवाला ठाण्यात आला. टक्कर त्याने पाहिली नव्हती, पण टेम्पो त्याच्या समोरून गेला होता. नवाकोरा, पुढे हार घातलेला, आणि सरळ रस्त्यावर डुलत चाललेला. एवढ्या खबरीवर आम्ही जवळच्या चाळीत पोचलो. मालवणकडचं कुटुंब. मुलाची गिरणीतली नोकरी सुटल्यावर त्याने टेम्पो घेतला होता.

त्याला ठाण्यात आणून डॉक्टरांकडे नेलं. तोंडात नळी धरून फुंकायचं यंत्र तेव्हा आमच्याकडे नव्हतं. डॉक्टर वास, डोळे, चाल बघायचे आणि रक्त घ्यायचे. पण दिवस उलटून गेलेला, काय मिळणार? मुलगा एकच सांगत होता, "साहेब, आईशप्पथ, थेंब नाय घेतला. म्हातारीच मधी आली. घाबरलो म्हणून थांबलो नाय."

"एवढा सज्जन माणूस टेम्पो डुलवत कशाला चालवतो रे? गाणं म्हणत होतास काय?" फौजदार साहेबांनी विचारलं.

चाळीतल्या ज्याला विचारावं तोही तेच सांगे. तो दारूला शिवत नाही. तोंडं बघून कळत होतं, खोटं बोलत नाहीत. फौजदार वैतागले. मला म्हणाले, "बाई, तुम्ही बायकांत जाऊन बसा. तुम्ही फार बोलत नाही, तेच बरं."

मी त्याच्या आईकडे गेले. तिने चहा केला. मी नव्या टेम्पोची चौकशी केली, तर ती खुलली. त्या दुपारी पूजा कशी झाली, गावची राखण करणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या नावाने कोंबडा कसा दिला, मुलाच्या मामाने देवाला गाऱ्हाणं कसं घातलं, सगळं सांगितलं. मग म्हणाली, गाऱ्हाण्यानंतर पहिला पेला गाडी चालवणाऱ्याचा. तो घेऊनच मुलाने टेम्पो बाहेर काढला.

मी हळूच विचारलं, पेल्यात काय होतं?

"दारू," ती सरळ म्हणाली.

"म्हणजे तो प्यायला होता?"

तिला राग आला. "पितलो कित्याक गो बाय? माझो झील दारूक हात लावना नाय. राखणदाराचो मान तो. नको कसो म्हणतलो?"

मी ठाण्यात येऊन सांगितलं. फौजदारांनी मुलाला विचारलं, पूजेनंतर पेला घेतलास काय? तो लगेच म्हणाला, "तो होय? घेतला ना. भरलेला घेतला. पण ती दारू कुठे झाली, साहेब?" फौजदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि जबाबाचा कागद पुढे ओढला.

त्यानंतर त्याने काहीच लपवलं नाही. हात जड झाले होते, वळण सुटलं, चाक फुटपाथवर चढलं. म्हातारी मध्ये आलीच नव्हती. पेला भरणाऱ्या मामाने तर आनंदाने जबाब दिला, वर आम्हालाच सांगितलं की अर्धा पेला दिला तर देवाचा अपमान होतो. कोर्टात आईला विचारलं, मुलगा दारू प्यायला होता का? ती म्हणाली, नाही. पेल्यात काय होतं ते वेगळं विचारावं लागलं.

त्याला शिक्षा झाली, लायसन गेलं. चाळीने मात्र आम्हालाच बोल लावले. देवाचं कोर्टात नेलंत म्हणाले. आग्रहाने पेला भरणारा मामा साक्ष देऊन जेवायला घरी गेला.

तेव्हापासून मी कुणाला दारू घेतली का असं विचारलं नाही. पेल्यात काय होतं आणि त्यानंतर गाडी कुणी चालवली, एवढंच विचारायचे. हळदीत आग्रह म्हणून, सर्दीवर औषध म्हणून, देवाचा मान म्हणून माणसं घेतात आणि त्याला पिणं म्हणत नाहीत. पोटात गेल्यावर दारूला हा फरक कळत नाही. मान द्यायचा तर द्या, पण त्याच्या हातातली किल्ली आधी काढून घ्या. इतकं साधं सांगूनही माणसं आपल्याकडेच वेड्यासारखी बघतात.

निकाल सांगायला मी म्हातारीकडे गेले. सून दारात होती. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, पण तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी सगळं सांगितलं. म्हातारी काठी धरून बसली होती. भरपाईचं तिने काहीच विचारलं नाही.

"म्हणजे मी फुटपाथवरच होते ना, बाई?" एवढंच म्हणाली.

लोकांचं ऐकून ऐकून तिचा स्वतःवरचाच भरवसा उडाला होता.