सैल बांगडी

त्या वर्षी मी देवघराला हात लावायचं सोडलं होतं. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि आता शौचावाटे रक्त जायचं. मूळव्याध असेल, असं मनाशी ठरवून टाकलं. पण रक्त ते रक्तच, या अंगानं देवाला कसं शिवायचं? यांना सांगितलं, गुडघे दुखतात, आणि दिवाबत्ती सुनेकडे सोपवली. खरं सांगायची लाज वाटायची. वर्ष गेलं, पण माझा विटाळ काही फिटला नाही.

पुतणीच्या लग्नासाठी बांगड्या भरायला आम्ही राजुरीहून जुन्नरला गेलो. अशक्तपणामुळे सगळं झोपेत पाहावं तसं दिसत होतं. पेठेतलं ऊन, काचेचे हिरवे ढीग, कुठून तरी येणारे आवाज. दुकानातल्या मुसलमान बाई माझ्या ओळखीच्या नव्हत्या. मी नेहमीचं माप सांगितलं, दोन-सहा. बांगडी सरळ कोपराकडे घसरली. दोन-चारचीही सैल. बाईंनी माझा हात हातात घेतला, पांढरी पडलेली नखं पाहिली आणि हळूच म्हणाल्या, "ताई, हा उपासाचा हात न्हाई. माझ्या सासूचं आसंच व्हतं. रक्त कुठनं जातंय?"

मला तिथंच रडू फुटलं. वर्षभर ज्या देवाला तोंड दाखवलं नव्हतं, तोच विचारतो आहे, असं वाटलं.

पुण्यात तपासणी केली, आतड्याचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी कधीपासून त्रास आहे ते विचारलं आणि मी खरं सांगून टाकलं. "मीच उशीर केला. आता काय उरलं असेल?"

"लवकर यायला हवं होतं, हे खरंच," ते म्हणाले. "पण त्रास किती महिने होता, त्यावरून आयुष्य किती उरलं ते ठरत नाही. कुणाचा पंधरा दिवसांच्या त्रासातच पसरलेला निघतो, कुणाचा वर्षानंही जागेवरच असतो. गाठ कुठवर गेलीय ते ऑपरेशनमध्येच कळेल."

त्या दिवसापासून मी महिने मोजायचं सोडलं. गाठ आतड्यातच होती, ती निघाली. पोटावर मात्र शौचासाठी कायमची पिशवी आली.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी सून म्हणाली, "आई, तुमी पडा, दिवा मी लावते." मी नको म्हटलं. शुद्ध होण्याची वाट बघत वर्षभर बाहेर थांबले होते. आता तर विटाळ जन्माचा पोटाशी बांधला होता. पिशवी सांभाळत देवापुढे पाटावर बसले. अजून किती वर्षं, हे विचारायचं ओठावर आलं होतं. विचारलं नाही. म्हटलं, देवा, अशीच आले आहे.