स्थानिक कारागीर

बाबाचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. त्या संध्याकाळी नोकरी सोडून घरी आलो.

"चप्पल काढ," ऑफिसच्या ओटीवर फोटोग्राफर म्हणाला. "ती मातीने भरलेली पाटी घे हातात. हां. आता खाली बघ. कॅमेऱ्याकडे नको."

मी चप्पल काढली. पाटी घेतली. खाली बघितलं.

"किती ऑथेंटिक दिसतोयस आज," मॅडम म्हणाल्या.

माझं डोकं भादरलेलं होतं. दहाव्याला नदीवर बसून केस काढले होते. अंगात पांढरा सदरा-लेंगा, तेराव्याला मामाने आणलेला.

मी गवंडी नाही. कल्याणला जाऊन इंटिरियर डिझाइनचा डिप्लोमा केला. डोळखांबकडच्या आमच्या पाड्यातून असलं काही शिकायला गेलेला मी पहिलाच. घरी कुणाला नीट सांगता यायचं नाही मी काय करतो ते. आई म्हणायची, घरं सजवतो. बाबा म्हणायचा, नकाशे काढतो. बाबाचं जास्त बरोबर होतं.

मॅडमचा स्टुडिओ मुंबईचा. जाहिराती, पुस्तकांची कव्हरं, प्रदर्शनं अशी कामं. त्यांनी मुरबाडच्या बाहेर जमीन घेतली. तिथे भाताचं जुनं गोदाम होतं. त्यात स्टुडिओचं स्वतःचं ऑफिस करायचं ठरलं. रोज किन्हवलीमार्गे बाइकवर जाता येईल एवढ्या अंतरावर आपल्या शिक्षणाचं काम मिळतंय, मला ते नशीब वाटलं.

गोदामाची सगळी ड्रॉइंग माझी. मधोमध एक लांब टेबल, सगळ्यांनी एकत्र बसायचं. मोठा-छोटा असा भेद नको, हे मॅडमचं म्हणणं. मीटिंगच्या खोलीत आवाज घुमत होता. तिथे ओटीकडच्या बाजूला मी कुडाची भिंत सुचवली. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि शेणामातीने लिंपायच्या, आमच्या घराला असते तशी. आवाज थांबला. पुढे पाहुणे आले की मॅडम त्या भिंतीवर हात ठेवून बोलायच्या. "आम्हाला मातीकडे परत जायचं होतं." मग माझ्याकडे वळून, "हा इथलाच आहे." नाव सांगायच्या नाहीत. मी हसायचो.

कोण कुठे बसणार तेही मीच आखलं. सगळ्यांच्या जागा झाल्यावर शेवटी माझी. लांब टेबलाच्या टोकाला, पश्चिमेच्या खिडकीपाशी.

बाबाने एकदा जेवताना विचारलं होतं, "तुजी जागा कुठं रे तिथं?"

मी ताटाच्या कडेला भाताने टेबल केलं, बोटाने दाखवलं. बाबा बघत राहिला.

"खिडकी हाय नं?"

"आहे."

"मंग बरं हाय."

त्याला तिथे घेऊन जायचं राहिलं. भातकापणी झाली की नेतो म्हणालो होतो. कापणी झाली आणि तो गेला.

मासिकासाठी ऑफिसचे फोटो काढायचेत, असा मॅडमचा फोन आला तेव्हा घरातली माणसं अजून पांगली नव्हती. सगळे आपापल्या जागेवर काम करताना फोटो हवेत, म्हणाल्या. मी आईला विचारलं. आई म्हणाली, "जा. तुजा पन येल नं फोटू?" मी हो म्हणालो. मला तो फोटो हवा होता. बाबाच्या फोटोशेजारी लावायला नाही. नुसता असावा म्हणून. की होती मला जागा.

गेलो तर माझ्या जागेवर निखिल बसला होता. मॅडमचा भाचा, नुकताच आलेला. त्याच्यासमोर माझी ड्रॉइंग पसरली होती. फोटोग्राफरने मला दारातूनच बाजूला घेतलं. टेबलाच्या फ्रेममध्ये टक्कल बरं दिसत नाही, म्हणाला. थोड्या वेळाने परत आला. मला वरून खाली न्याहाळलं. आणि म्हणाला, याला बाहेर ओटीवर घेऊ या, कुडापाशी.

ओटीची जमीन सुगंधाकाकूंनी सारवली होती. बाजूच्या गावातल्या. कुडही त्यांनीच लिंपला. त्या तिथेच उभ्या होत्या, गाऊनवर टॉवेल टाकून, कानाला मोबाइल. फोन बंद करून म्हणाल्या,

"ओ दादा, त्यो सायब हाय आमचा. भिताड मी लिपलंय. माजा काढा नं फोटू!"

फोटोग्राफर हसला. "काकू, गाऊन नाही चालणार."

"मंग काय नऊवारी नेसून शेन कालवू?"

काकूंबरोबर सारवायला आलेल्या बाया खिदळल्या. मग काकूंचं लक्ष माझ्या डोक्याकडे गेलं. त्यांचं हसू थांबलं.

"कोन गेलं रे?"

"बाबा."

त्या माझ्या हातातल्या पाटीकडे बघत राहिल्या.

मी मॅडमना विचारलं, "फोटोखाली काय लिहिणार?"

"स्थानिक कारागीर. सिंपल."

"आणि डिझाइन?"

"स्टुडिओचं. म्हणजे माझं आणि निखिलचं. अरे, दोन मिनिटांचं काम आहे."

"हे केस बाबा गेला म्हणून काढलेत, मॅडम."

"हो रे. सॉरी. खरंच." त्यांनी आभाळाकडे बघितलं. "पण लाइट जातोय."

कारागीर म्हटल्याचा मला राग नव्हता. ती शिवी नाही. जिने भिंत लिंपली ती समोर उभी होती, आणि ती त्यांना कारागिरासारखी दिसत नव्हती. ज्याने भिंत आखली तो त्यांना डिझायनरसारखा दिसत नव्हता. आम्ही कसं दिसायचं तेही तेच ठरवणार. माझ्या बापाचं मरणसुद्धा त्यांना फ्रेममध्ये छान बसत होतं.

मी पाटी खाली ठेवली. चप्पल घातली. आत गेलो. मॅडम आणि फोटोग्राफर मागोमाग आले.

"ऊठ," मी निखिलला म्हणालो.

तो मॅडमकडे बघत उठला. मी बसलो. ड्रॉइंग माझ्याकडे ओढून घेतली.

"फोटो काढायचा तर इथे काढा."

फोटोग्राफरने मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "ड्रामा नको प्लीज."

कॅमेरा उचलला गेला नाही. एकेक जण टेबलावरून उठून बाहेर गेला. सगळ्यांनी एकत्र बसायचं ते टेबल, त्याच्यापाशी मी एकटा. खिडकीतून ऊन टेबलावर आलं, लांबलं, गेलं. मला कुणी ऊठ म्हणालं नाही, आणि थांबही म्हणालं नाही. मी ड्रॉइंगची गुंडाळी केली आणि निघालो.

मासिक आलं. त्यात कुडाची भिंत आहे, ओटी आहे, निखिल आहे. आईने विचारलं, "तुजा कुठला?" मी म्हणालो, "माझा नाय काढला." तिने मासिक मिटून ठेवलं.

आता शहापुरात बाजाराच्या मागे माझी एक भाड्याची खोली आहे. एक टेबल, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर बहुतेक वेळा कुणी नसतं. मेडिकलची दुकानं, क्लासच्या खोल्या, कधी एखादं घर, अशी कामं येतात. काम घ्यायची माझी एक अट आहे. जागा तयार झाली की दारापाशी पाटी लागेल. तिच्यावर आखणाऱ्याचं, गवंड्याचं, सुताराचं, सारवण असेल तर सारवणाऱ्या बाईचं, सगळ्यांची नावं असतील. पूर्ण नावं, आडनावासकट.

ही अट ऐकून परवा एक गिऱ्हाईक उठून गेलं. मी थांबवलं नाही.