दानेश्वरीअक्काची पळी

दानेश्वरीअक्काला लोक भोळी म्हनत्यात. म्हनू द्या. पंधरा वर्षं तिच्याकडं भाकऱ्या थापतीया मी, बनाबाई. भोळी असती तर मीच कवाचं तिचं दुकान गिळलं असतं.

सोलापुरात तिच्या कडक भाकरीला नाव हाय. ज्वारीची, पापडागत पातळ, महिना महिना टिकनारी. पन अक्का ज्वारी खाती ती हौसेनं न्हाय. तिच्या आतड्याला गहूच चालत न्हाय. चपातीचा तुकडा, मैद्याचा कन, काय बी पोटात गेलं की उलट्या, जुलाब, आठवडाभर अंथरून. डॉक्टरनं तसं लिहून दिलंय. तरी तिचा नवरा, राजशेखर मालक, चारचौघात म्हनायचे, "नाटक हाय तिचं सगळं."

गेल्या मे महिन्यात दोगं युरोपला गेली. टूर अनिलकुमारची, मालकांचा जिगरी दोस्त. अक्काला बर्फ बघायचा हुता, पोरगी असल्यापासनं. कॅलेंडरातला बर्फाचा डोंगर कापून तिनं कपाटाच्या दाराला चिकटवलेला. जायच्या आधी भाचीकडनं तिकडच्या भाषेत चिठ्ठी लिहून घेतली: मला गहू, मैदा, रवा चालत न्हाय, भांडं बी वेगळं पायजे. इटलीत हाटेलात शिरली की चिठ्ठी फुडं करायची. अन् बघा, आचारी आतनं भाईर यायचा, चिठ्ठी वाचायचा, मान हलवायचा, वेगळ्या पातेल्यात भात-भाजी करून आनायचा. परक्या मानसांनी जपलं तिला. पाच दिवस झकास गेले.

सहाव्या दिवशी घात झाला. बस उशिरा पोचली. आचारी चिठ्ठी वाचत हुता, तवर अनिलकुमारनं ती त्याच्या हातातनं काढून घेतली अन् खिशात घातली. म्हनला, "वहिनी, चाळीस मानसं ताटकळल्यात. थोडंसं लागलं तर काय होतंय?" सगळ्यांचाच रस्सा हिच्या भातावर आला. दाट व्हायला त्यात मैदा. ही म्हनली, मी न्हाय खात. मालक वरडले, "गप खा, शोभा नको करू." खाल्लं तिनं.

अन् हा अनिलकुमार स्वतः कसा? कट्टर शाकाहारी. अंड्याला लागलेला झारा चालत न्हाय मेल्याला! हाटेला-हाटेलात भटारखान्यात उभं राहून झारा बदलून घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी बर्फाचा डोंगर हुता. अक्का संडासात. मालक म्हनले, "तुजं नाटक चालू दे," अन् गेले की वर. संध्याकाळी येऊन फोटो दाखवले तिला! माझ्या नवऱ्यानं असं केलं असतं तर परात घातली असती डोक्यात. अक्का हितं आल्यावर मला म्हनली, "बने, नाटक न्हवतं, एवडंच मला ह्यांच्या तोंडनं ऐकायचंय. त्याबिगर मी मरायची न्हाय."

दिवाळीच्या टूरला भाकऱ्या सांगायला अनिलकुमार आला. अक्का गोड हसली. "भावजी, जेवूनच जावा." दोघा दोस्तांची ताटं वाढली. कडक भाकरी, शेंगाचटनी, दही अन् भरल्या वांग्याचा रस्सा. माझं घर भिंतीला भिंत लागून. त्या दिशी माझ्याकडं मटन शिजत हुतं, वास हितवर येत हुता.

चार घास झाले. अनिलकुमार बोटं चाटत म्हनला, "वा, वहिनी!"

अक्कानं पळी वर धरली. "ही पळी सकाळी बनाबाईच्या मटनात फिरलीया. धुवायची राहिली बघा. थोडंसं लागलं तर काय होतंय?"

मी मुंडी हलवली. मला तेवडंच काम सांगितलेलं.

अगं आई गं! अनिलकुमार ताट ढकलून मोरीकडं पळाला. आतडी भाईर येत्यात का काय असा ओकला. मालक बी शाकाहारीच, त्यांचा घास तोंडातच राहिला, चेहरा पांढराफट्टक.

अक्का शांतपनी म्हनली, "पळी माझ्या घराच्या भाईर कवा गेलीच न्हाय. तुमच्या पोटात नुसतं वांगं गेलंय, भावजी. माझ्या पोटात मैदा गेलता. आता सांगा, नाटक कोन करतंय?"

अनिलकुमारनं तोंड पुसलं. "चुकलं माझं," एवडंच पुटपुटला अन् चपला घालून गेला. अक्कानं त्याच्याकडं बघितलं बी न्हाय. ती मालकांकडं बघत हुती.

तोंडातला घास कसाबसा गिळून मालक बोलले, "न्हवतं नाटक."

"मोठ्यानं. बनाबाईला ऐकू जाऊ दे."

"नाटक न्हवतं तुजं." मान खाली. मग म्हनले, "फुडच्या मे महिन्यात परत नेतो तुला. बर्फ दाखवतो."

अक्कानं स्वतःला ताट वाढून घेतलं, भाकरी कडाकडा मोडली. "जायचंच की. मी वर जाईन. तुमी खोलीत बसायचं, दार लावून. संध्याकाळी फोटो दाखवीन."