आण्णांची तंबाखू आणि पुडी नंबर चौदा

आमच्या घरात ओलावा हे खातं माझ्याकडे आहे.

साताऱ्याच्या पावसात हे खातं सांभाळणं सोपं नाही. श्रावणात आमच्याकडे मीठ पाझरतं, काड्यापेटी पेटत नाही आणि पापडाची रुमालासारखी घडी होते. त्यावर मी उपाय शोधला. नव्या बुटांच्या खोक्यात, गोळ्यांच्या बाटलीत ती पांढरी पुडी येते ना, आत साबुदाण्यासारखे दाणे असलेली, 'खाऊ नये' असं छापलेली? लोक फेकून देतात. मी जपते. प्रत्येक पुडीवर मार्करने नंबर घालते, ती कुठल्या डब्यात जाणार, तिला ऊन कधी द्यायचं ते लिहिते आणि वहीत नोंद करते. (वही फ्रिजवर असते. तिच्या शेजारी दुसरी वही असते. पहिल्या वहीत काय कुठल्या पानावर आहे, ते दुसरीत लिहिलेलं आहे. या दुसऱ्या वहीवरून आमचे हे मला बोलतात. मी लक्ष देत नाही.)

यंदा पुड्यांची फेरी पूर्ण झाली तेव्हा तीन पुड्या उरल्या. उरलेली वस्तू मला बघवत नाही. घरभर नजर फिरवली आणि ती आण्णांच्या डब्यावर थांबली.

आण्णा म्हणजे माझे सासरे. औंधजवळच्या गावचे, फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले, सासूबाई गेल्यापासून आमच्याकडे असतात. फौजेत त्यांच्या कर्नलसाहेबांनी त्यांना दोन सवयी लावल्या, पहाटेची दाढी आणि पाइप. डॉक्टरांनी पाइप बंद करायला सांगितला तेव्हा आण्णांनी तह केला. आठवड्यातून एक, रविवारी अकरा वाजता, गॅलरीत. तंबाखू साहेब अजून डेहराडूनहून पाठवतात, वर्षाला एक डबा. तो संपला की थेट पुढच्या वर्षी.

मी झाकण उघडलं. पिकलेल्या अंजिरासारखा गोड वास आला. बोट लावलं तर तंबाखू चक्क ओलसर! म्हटलं, बघा, इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. बारा, तेरा आणि चौदा नंबरच्या पुड्या आत खुपसल्या आणि एक चांगलं काम झाल्याच्या समाधानात चहा घेतला.

पुढच्या रविवारी एरवी पाऊण तास चालणारा पाइप वीस मिनिटांत संपला. त्याच्या पुढच्या रविवारी आण्णा मध्येच उठून दोन तांबे पाणी प्यायले. तिसऱ्या रविवारी त्यांनी पाइप अर्ध्यावर विझवला आणि नुसते बसून राहिले.

"काय झालं, आण्णा?" मी विचारलं.

"काय न्हाई. जीभ गेली."

"कुठे गेली?" यांनी पेपर खाली न घेता विचारलं.

"चव कळंना झालीया. नुसता चटका बसतोय. वय झालं, दुसरं काय." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "तुझ्या आमटीलाबी चव लागत न्हाई बग, सूनबाई. तुझा दोष न्हाई हां. जीभच मेली."

यांना जोराचा ठसका लागला. मी पाठीवर थापटलं. मला आण्णांची फार दया आली. (त्या दयेच्या भरात आमटीबद्दलचं वाक्य मी नीट ऐकलं नाही. ते पुढे येईल.)

बुधवारी जेवताना आण्णांनी जाहीर केलं, "रविवारी मुल्ला येतोय. पाइप आन् डबा त्याला दिऊन टाकतो. ज्याला चव कळती त्यानं वढावा."

घास माझ्या हातातच राहिला. मुल्लाकाका म्हणजे आण्णांच्या कंपनीतले हवालदार, जतचे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी एसटीने साताऱ्याला येतात. दोघे गॅलरीत आपापला पाइप पेटवून बसतात आणि सगळी मिळून दहा वाक्यं बोलतात. त्या दहा वाक्यांवर आण्णांचा पुढचा महिना चालतो. पाइप गेला की ती बैठक गेली, आणि ती गेली की आण्णा गॅलरीत कशासाठी बसणार?

गुरुवारी ते फिरायला गेले तशी मी डबा उघडला. आत कसुरी मेथी होती. म्हणजे होती तंबाखूच, पण चिमटीत धरली की तिचा चुरा होत होता. आण्णांची जीभ ठणठणीत होती. गेली होती ती तंबाखू, आणि घालवली होती मी.

मी यादी केली. एक, पुड्या काढणे. दोन, ओल परत घालणे. तीन, कुणाला न सांगणे. बारा नंबर सापडली, तेरा सापडली, आणि जिन्यात आण्णांची काठी वाजली. चौदा नंतर काढू म्हणून मी घाईघाईने तिन्ही नंबरांपुढे टिक केली. टिक झाली की ती गोष्ट माझ्यापुरती संपते.

आता ओल. माझा भाऊ संजू सांगलीत हळदीचा व्यापारी आहे. त्याच्याकडे ओल मोजायचं यंत्रसुद्धा आहे. त्याला फोन लावला.

"ताई, ओल काढायची कशी ते विचार. घालायची कशी, हे आमच्याकडं कोण विचारतच नाही."

"तुझ्या यंत्राने कळेल का, किती घालायची?"

"ते यंत्र हळदीचं. तमाखूत घातलं तर ते सांगणार, ही हळद खराब आहे. भावजी काय म्हणतात?"

"त्यांना सांगितलेलं नाही."

"म्हणजे तूच केलंयस कायतरी," संजू म्हणाला आणि इतका हसला की मी फोन ठेवला.

मग मी इस्त्रीचा फवारा घेतला. तीन फवारे मारले, तासाभराने बघितलं, फरक नाही. आणखी तीन. पुन्हा तीन. वहीत सगळ्याची वेळेसकट नोंद केली. शुक्रवारी सकाळी डब्यात वरच्या बाजूला शिजलेली मेथीची भाजी तयार होती.

शनिवारी ऊन पडेल म्हणून वाट पाहिली. साताऱ्यात श्रावणात ऊन! शेवटी तवा मंद आचेवर ठेवला आणि त्यावर वरची तंबाखू पसरली. दोन मिनिटांत घरभर अंजिराचा घमघमाट सुटला. आण्णा ताडकन गॅलरीतून आत आले, शर्टाचं वरचं बटण लावत.

"साहेब आलेत काय?"

मी तव्यावर परात पालथी घातली. "नाही आण्णा. मसाला भाजतेय."

"मसाल्याला साहेबांच्या हापिसाचा वास येतोय?" त्यांनी दाराकडे एकदा बघितलं. मग बटण पुन्हा काढलं. "आदी जीभ. आता नाकाला भास व्हाया लागलं. पुडच्या महिन्यात तुमाला वळकायचं बी बंद हुईल."

ते परत गेले. खरं सांगायची ती वेळ होती. पण ते यादीत नव्हतं.

रविवारी मुल्लाकाका आले. पांढरी टोपी, कडक इस्त्री, हातात आमच्यासाठी जतच्या ज्वारीची पिशवी. आण्णांनी पाइप आणि डबा त्यांच्यापुढे ठेवला.

"घे. मला आता उपेग न्हाई."

"का वं सुभेदार?"

"जीभ मेली."

 मुल्लाकाकांनी डबा उघडून एक चिमूट वरून घेतली, दाबली, सोडली. ती गोळा होऊन तशीच बसली. मग बोट तळापर्यंत घातलं, तिथली चिमूट दाबली. तिची पूड झाली.

"आवं, जीब कशाला मरंल? हितं वर पूर आलाय आन् खाली दुष्काळ पडलाय. वली तमाखू नीट पेटत न्हाई, नुसती वाफ येती, कडू लागती. वाळली की भसाभसा जळती, जीब भाजती. दाबून सोडली की सावकाश उलगडाय पायजे, तवा ती गोड लागती. साहेबांनी शिकिवल्यालं इसरला व्हय?" त्यांनी बोट आणखी फिरवलं. "आमच्या जतंला पाणी टँकरनं येतं, तरी आमची तमाखू अशी नसती. आन् ही काय भानगड?"

त्यांच्या चिमटीत पांढरी पुडी होती. त्यांनी ती लांब धरून मोठ्यानं वाचली.

"नंबर चौदा. आण्णांचा डबा. महिन्यातून एकदा ऊन देणे."

 आमचे हे माझ्या अक्षराकडे अशा कौतुकाने बघत होते की मला दुसरी वही त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. मी सगळं सांगून टाकलं. फवारा, तवा, परात, सगळं. आण्णा ऐकत होते.

"म्हंजे काल वास आला त्यो खराच?"

"खराच, आण्णा."

"आन् मी शर्टाचं बटन लावलं, ते येडेपणानं न्हाई?"

"नाही हो."

त्यांनी सुटकेचा मोठा श्वास सोडला. मुल्लाकाकांनी वरची आणि तळची तंबाखू कागदावर एकत्र कालवली, सारखी पसरली आणि म्हणाले, "ह्यांची एकमेकांशी वळख हुईस्तवर जेवून घिऊ."

जेवणं झाली. दोघांनी पाइप भरले. आण्णांनी पहिला झुरका घेतला, डोळे मिटले आणि लगेच दुसरा घेतला. मी दाराशी उभी होते.

"हाय," ते शेवटी म्हणाले. "तीच हाय."

"मंग?" मुल्लाकाका म्हणाले. झाली त्यांची दहा वाक्यं सुरू.

मी निर्धास्त होऊन आत वळले, तर आण्णांची हाक आली. "सूनबाई, म्हंजे माजी जीब धडधाकट हाय."

"अगदी धडधाकट, आण्णा."

"मंग," ते फार विचार करून म्हणाले, "ती आमटी?"

हे एकदम पाणी प्यायला आत गेले. मुल्लाकाका समोरच्या अजिंक्यताऱ्याकडे बघू लागले.

"इतकी वर्षं काही बोलला नाहीत ते?" मी विचारलं.

"फौजेत लंगरच्या जेवणाला नाव ठिवायचं नसतं," आण्णा म्हणाले आणि धूर सोडला.

त्या दुपारी मी वही उघडली. आण्णांच्या डब्यापुरतं ओलाव्याचं खातं आता मुल्लाकाकांकडे दिलं आहे. आमटीचं पानही काढून बघितलं. मसाला एक सपाट चमचा, एकोणीस वर्षांपूर्वी लिहिलेला. पुढे रोजच्या रोज टिक.